पांढुर्ण्यातलं एकच गॉर्मली घर

गोरमायच्या नावात कोणी चूक केली की ती समोरच्याच्या हातातला पेन काढून घ्यायची. रागावून नाही. इंजेक्शनची सुई धरावी तसा तो पेन दोन बोटांत धरून चुकलेलं अक्षर खोडायची, वर नीट लिहायची आणि पेन परत द्यायची. मग म्हणायची, "आता वाच." भल्याभल्या साहेबांना मोठ्याने वाचावं लागे: मार्गारेट गॉर्मली.

एरवी तिला गॉर्मली कोणीच म्हणत नसे. सौसरच्या दवाखान्यात ती नर्स होती आणि बाळंतपणासाठी मोहगाव, लोधीखेड्याकडच्या खेड्यांत सायकलवर जायची. बायकांच्या तोंडी गॉर्मलीचं गोरमाय झालं. रंगाने ती आमच्या कपाशीच्या काळ्या मातीसारखी. कोणी हसलं तर म्हणायची, "आजा गोरा होता, आजी मोहगावची. मी आजीवर गेली." तिचे आजोबा आयर्लंडहून इथल्या रेल्वेच्या कामावर आले आणि परत गेलेच नाहीत. तिने लग्न केलं नाही, बहीण नागपूरला दिली. भाऊ नव्हताच. मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्यात त्या आडनावाची ती एकटी उरली होती. लोकांनी लाडाने बदललेलं नाव तिला चालायचं, कागदावर बदललेलं चालत नसे.

माझं बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. एका दुपारी ती काठी टेकत आली. खुब्याचं ऑपरेशन करायचं होतं, आणि त्यासाठी काढलेल्या आरोग्य कार्डावर कोणीतरी तिचं आडनाव 'घोरमाडे' करून ठेवलं होतं. इतर कागदांवर गॉर्मली, कार्डावर घोरमाडे. मी सोपा मार्ग सांगितला: आपण घोरमाडेच आहोत असं लिहून द्यायचं, आठ दिवसांत काम होईल.

"घोरमाडे चांगले लोक हायेत," ती म्हणाली. "पण मी त्यायच्या घरची नाई. खोटं काहून लिवून देऊ?"

"माय, खुबा दुखून राहिला ना?"

"दुखू दे. माहा हाय."

मी तिला कार्ड दुरुस्त करणाऱ्या सरकारी कार्यालयात घेऊन गेलो. तिथला बाबू वाईट नव्हता, फक्त कंटाळलेला होता. हे आडनाव या भागात कोणाचंच नाही, तुम्ही कुठून आणलं, असं त्याने विचारलं.

"आणलं नाई," गोरमाय म्हणाली. "याच्यासंगच जलमली."

आडनाव खरं आहे हे दाखवायला मी आयर्लंडची जुनी जनगणना शोधून काढली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ती पानं आता कोणालाही इंटरनेटवर पाहता येतात. घराघरातली माणसं, वय, कामधंदा, लिहिता-वाचता येतं की नाही. गॉर्मली टाकलं तर यादी संपेना. उत्तरेकडच्या टायरोन नावाच्या परगण्यात दाट वस्ती, बाकी कुठे विरळ. गोरमायने चष्मा चढवला.

"काय करत होते हे?"

"बहुतेक शेतकरी. मजूर."

"मंग आपल्यावानीच."

एकच आडनाव तीन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं पाहून ती खळखळून हसली. "तिथले बाबू बी असेच!" तिचे आजोबा पॅट्रिक. पण पॅट्रिक गॉर्मली इतके निघाले की त्यांतला आपला कोणता, हे कळायला मार्ग नव्हता. आजोबा सापडले तर तुला तिकडचा पासपोर्टसुद्धा मिळेल, असं तिचा नागपूरचा भाचा फोनवर म्हणाला. "मले नाई जायचं तिकडं," ती म्हणाली. "मले इथंच नीट लिवा."

मी छापून नेलेली ती यादी बाबूने परत केली. परदेशातले गॉर्मली त्याच्या उपयोगाचे नव्हते. तेव्हा मला आठवलं, माझ्या जन्माच्या चिठ्ठीवर सही तिचीच आहे. मी चार घरी निरोप धाडला. सोमवारी कार्यालयाच्या पायऱ्यांवर मोहगाव, लोधीखेड्याच्या बायका जमल्या, प्रत्येकीच्या प्लास्टिकच्या पिशवीत पोरांच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या. सगळ्यांवर एकच सही. एक म्हातारी टेबलाला टेकून म्हणाली, "बाबू, हे नाव खोटं, तं माहा पोरगा बी खोटा का?"

बाबू बराच वेळ चिठ्ठ्या वाचत बसला. कार्ड दुरुस्त झालं.

ऑपरेशनसाठी तिला नागपूरला न्यायला भाचा गाडी घेऊन आला तेव्हा मात्र ती उठेना. त्याच आठवड्यात गल्लीत जनगणनेची माणसं यायची होती. "मोजल्याबिगर मी हलत नाई," तिने सांगितलं.

"अगं मावशी, नागपुरात मोजतील ना!"

"नागपुरात कायले? घर इथं हाय."

तो चिडून रिकामी गाडी घेऊन गेला. पाचव्या दिवशी एक तरुण शिक्षिका मोबाइल घेऊन दारात आली. "माताजी, घर में कितने लोग हैं?"

"एक," गोरमाय ताठ बसून म्हणाली. मग तिने नावाचं एकेक अक्षर सांगितलं. मुलीने दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा बरोबर भरलं.

दुसऱ्या दिवशी ती नागपूरला गेली. ऑपरेशन चांगलं झालं, पण मागून छातीत कफ भरला आणि ती गेली. मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म भरताना भाच्याने मला फोन केला. "पत्ता आमचाच टाकू का? सोपं पडेल."

"मृत्यू नागपूरला लिहा," मी म्हणालो. "राहणार पांढुर्णा."

"पण तिथं आता कोणीच नाही."

"नसू दे. लिहा."