पऱ्हाटीवाली मावशी

कापसाची वाळकी काडी दोन बोटांत धरून ती कटकन मोडायची आणि म्हणायची, "जळंल." म्हणजे चालेल. हा शेरा नुसता पऱ्हाटीपुरता नव्हता. कुणाचा नवा जावई असो, नवा सरपंच असो, मावशी त्याला वरून खालून बघायची आणि म्हणायची, "जळंल."

तुमच्याही गावात अशी एखादी असेल. आमच्या भोकरकडच्या गावात ती माझ्या शेजारी राहायची. जमीन नाही, नवरा नाही, लेक सासरी. कापूस वेचून झाला की बुंधा पकडायचा लांब दांड्याचा लोखंडी चिमटा घेऊन लोकांच्या रानात शिरायची आणि पऱ्हाटी उपटायची. शेतकऱ्याचं रान मोकळं व्हायचं, तिला वर्षाचं सरपण मिळायचं. मजुरी कुणी दिली नाही, तिनं मागितली नाही. त्या सरपणावर ती निम्म्या गल्लीतल्या बाळंतिणींचं पाणी तापवायची आणि त्याचा तोराही मिरवायची.

मग गावाबाहेर प्रकल्प आला. पऱ्हाटी कमी हवेत धुमसवायची, निघालेल्या वायूवर इंजिन चालवायचं, वीज करायची. मी तिथं वजनकाट्यावर लागलो. उद्घाटनाला साहेब म्हणाले, आता शेतातल्या कचऱ्यालाही भाव येणार. मावशीनं शेजारणीला विचारलं, "कचरा कशाला म्हनून राहिला हा?"

त्या साली संक्रांतीनंतर ती चिमटा घेऊन निघाली, तर तिला बांधावरच थांबवलं. "मावशी, यंदा पऱ्हाटी गाडीत जायची हाय." दुसऱ्या रानातही तेच. शेतकऱ्यांचं तरी काय चुकलं? फुकट जाणाऱ्या वस्तूला दाम मिळाला तर कोण सोडतो. पण ती रिकाम्या हातानं परतली तेव्हा मला तिच्याकडं बघवलं नाही.

प्रकल्पही फार टिकला नाही. इंजिनात डांबरासारखी राळ बसायला लागली, मालकांचं आपसात बिनसलं, फाटकाला सील लागलं. आत पऱ्हाटीचा डोंगर तसाच पडून. मावशी रोज कुंपणाच्या तारेपाशी जाऊन दोन भारे मागायची. पहारेकरी म्हणायचा, प्रकरण कोर्टात आहे, काडीला हात लावता येत नाही. परत रानात जावं, तर आता ट्रॅक्टरला यंत्र लावून लोक पऱ्हाटीचा भुगा मातीतच मिसळत होते. तिनं आधी बाज जाळली, मग दाराची फळी. सिलिंडर होता, रिकामा. मी भरून देतो म्हटलं, तर म्हणाली, एकदा भरशील, पुढं?

उन्हाळ्यात त्या डोंगराला आग लागली. सगळा गाव बघायला लोटला. मावशी तार धरून उभी होती.

"लेकरा, एवढ्या जाळावर कुनाची एक भाकर तरी भाजली का रे?"



पुढं लेकीनं तिला अहमदपूरला नेलं. तिथं ती वर्षभरही जगली नाही. मी एकदा भेटायला गेलो, तेव्हा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी होती. पाय सुजले होते. बस की मावशी, म्हटलं. ती गॅसच्या ओट्याकडं बघत राहिली.

"चूलच न्हाई," ती म्हणाली. "बसू कुठं?"