शाई ओली होती म्हणून

शांताक्काचा पदर उजव्या खांद्यावर गेला होता.

प्रेसमधून कागद उचलला तेव्हा आधी तिचे डोळे दिसले आणि मी खूश झाले. मग गाल दिसले, मग विडी वळणारी बोटं. मग पदर. जन्मभर डाव्या खांद्यावर पदर घेणाऱ्या बाईचा पदर मी उजवीकडं नेऊन ठेवला होता. चमकीसुद्धा दुसऱ्या नाकपुडीत. आमच्या सीमाभागात याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. चिकोडीकडच्या कानडी म्हाताऱ्या असा उजवा पदर घेतात.

पोतदार सर मागून डोकावले. "आक्का, ह्या शांताक्का मराठीच न्हवं?"

"सकाळपर्यंत तरी होती," मी म्हटलं.

सर हसले. मला हसू येत नव्हतं. संध्याकाळी शांताक्काची लेक सुजाता चित्र न्यायला येणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी निपाणीत तिच्या दवाखान्याचं उद्घाटन. आईनं विड्या वळून तिला डॉक्टर केलं. दारातून आत येणाऱ्याला आधी आई दिसली पाहिजे, हा तिचा हट्ट. मी तिला फ्लेक्स सुचवून बघितला होता, तर म्हणाली, "फ्लेक्सवर पुढारी असत्यात, आक्का. तू हातानं काढ." आणि मी शब्द देऊन बसले होते.

शब्द देण्याची हिंमत कुठून आली, ते सांगते. निपाणीत मी उभा जन्म स्क्रीन प्रिंटिंग केलं. लाकडी चौकटीवर जाळीचं कापड ताणायचं, त्यावर डिझाइन उतरवायचं, वरून शाई ओढायची. जाळीतून शाई खाली कागदावर जाते. डिझाइन जसं असेल तसंच छापतं आणि हवं तितक्या वेळा छापतं. लग्नपत्रिका, पिशव्या, दुकानांची कॅलेंडरं, सगळं केलं. आता मुलगा डिजिटल मशीन चालवतो आणि मला दुकानात बसायला सांगतो, म्हणजे हात लावू नकोस असं सांगतो. म्हणून मी एसटी पकडून बेळगावला वडगावात पोतदार सरांकडं मोनोटाइप शिकायला जाऊ लागले. सर चित्रकलेचे मास्तर होते. घरातले विणकामाचे माग निघाले, त्या खोलीत त्यांनी प्रेस टाकली.

मोनोटाइपमध्ये जाळी नसते. गुळगुळीत ॲक्रिलिक शीटवर रोलरनं काळी शाई लावायची आणि चिंधीनं, काडीनं, बोटानं पुसत पुसत चित्र काढायचं. पुसलं तिथं पांढरं, ठेवलं तिथं काळं. वर ओलसर कागद ठेवायचा आणि उसाच्या चरकासारख्या दोन रुळांमधून फिरवायचं. चित्र कागदावर येतं, शीटवर जवळजवळ काही उरत नाही. एक चित्र, एकच प्रत. हजारांत काम केलेल्या बाईला हे ऐकून पहिल्या दिवशी सरांची दया आली होती.

त्याच दिवशी सरांनी दुसरी गोष्टही सांगितली होती. कागद शीटवर पालथा पडतो, म्हणून चित्र आरशासारखं उलटं येतं. मी "व्हय, व्हय" म्हटलं. या धंद्यात केस पांढरे केलेल्या बाईला हे काय सांगायचं, असा तो व्हय होता. त्यानंतर मी पपई छापली, मांजर छापलं, घागर छापली. मांजराचं तोंड इकडं काय आणि तिकडं काय. कुणी तक्रार केली नाही. मांजरानं तर नाहीच.

आणि आता शांताक्का. शेजारच्या घरातला पॉवरलूम चालू होता म्हणून बरं. मी जे बोलले ते सरांना ऐकू गेलं नाही.

"परत काढूया," सर म्हणाले.

"अख्खा दिवस गेलाय सर ह्यात. आन् हे डोळं? अंगठा जरा घसरला म्हणून तसं आल्यात. परत घसरंल व्हय तो?"

"शीटवर थोडी शाई हाय. फिकट प्रत निघंल."

"ती बी उजव्याच पदराची निघंल."

मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, "फोटो पाठव, मिरर करून प्रिंट मारतो. दोन मिनिटाचं काम." मी फोन ठेवला. सुजाताला दोन मिनिटाचं काम हवं असतं तर ती माझ्याकडं आलीच नसती.

कागद टेबलावर पडला होता. कडेला बोट लागलं तर काळं झालं. शाई अजून चांगलीच ओली होती. आणि तिथं मला माझी पहिली नोकरी आठवली.

मी नुकती प्रेसमध्ये लागले होते. वेणी कमरेपर्यंत, अंगात ऐट अशी की मालकानंच माझ्याकडून शिकावं. छापलेल्या पत्रिका रॅकवर सुट्या वाळवायच्या, असं मालकांनी सांगितलं होतं. मला ते वेळखाऊ वाटलं. मी ओल्या पत्रिका एकावर एक छान रचल्या, वर फळी ठेवली, फळीवर वजन ठेवलं आणि घरी जाऊन ऐटीत जेवले. सकाळी बघते तर प्रत्येक पत्रिकेच्या पाठीवर नवरानवरीची नावं. उलटी. ओली शाई वरच्या कागदाच्या पाठीला लागते, त्याला आमच्यात सेटऑफ म्हणतात. मालक म्हणाले होते, "बाई, पत्रिका रचल्यास का भाकऱ्या?" पुढं स्वतःचं दुकान काढल्यावर रॅकवरून मी कामगारांना इतकं छळलं, की त्यांना वाटायचं मी जन्मतःच शहाणी आहे.

"सर, कागद भिजवा," मी म्हटलं.

"परत काढायचं ठरलं?"

"न्हाय. भाकऱ्या रचायच्यात."

सरांना काही कळलं नाही, पण त्यांनी कागद भिजवून टिपून दिला. मी शांताक्काला प्रेसवर उताणं ठेवलं. तिच्या तोंडावर कोरा ओलसर कागद कडेला कड जुळवून पांघरला, वर जाड लोकरी कापड. मी चाक फिरवलं. हेही फसलं असतं तर पहिली प्रत फिकी, दुसरी डागाळलेली, आणि मी रिकाम्या हातानं सुजातासमोर.

वरचा कागद सोलला. शांताक्का आली. फिकी होती, पण डोळे तेच, बोटं तीच. उलट्याचं उलटं झालं होतं, पदर डाव्या खांद्यावर.

मी स्टुलावर बसले.

सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "ह्याला काउंटरप्रूफ म्हणत्यात. मी अजून शिकवलं न्हवतं तुमास्नी."

"मालकानं शिकवलंय," मी म्हटलं. "शिव्या देऊन."

सुजाता आली. तिनं चित्र उजेडाकडं धरलं. मग म्हणाली, "आक्का, धुरातनं आल्यागत दिसतीया. पहाटं चुलीम्होरं बसायची ना, तशी." फिकेपणाचं कारण मी तिला सांगितलं नाही. गिऱ्हाईक खूश असताना कारणं सांगायची नसतात, हेही मालकांनीच शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी शांताक्कानं फीत कापली आणि सरळ चित्रासमोर जाऊन उभी राहिली.

"लई फिकी केलीस गं मला."

"वय झालं तुझं."

"तुझं न्हाय झालं व्हय?" तिनं स्वतःचा पदर चाचपला, चित्रातला बघितला. "हाय बाबा, मीच हाय." आणि पेढा खायला गेली.

उजव्या पदराची पहिली प्रत मी फेकली नाही. दुकानात काउंटरच्या मागं लावली आहे. परवा चिकोडीचं एक गिऱ्हाईक पत्रिका बघता बघता थांबलं आणि हात जोडून म्हणालं, "निम्म अव्वार एन्री?" तुमची आई का, असं विचारत होतं. मी म्हटलं, "हौद्री," म्हणजे होय. इतकी लांबलचक कहाणी कानडीत कोण सांगत बसणार.

सरांकडं नव्यानं शिकणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते. काम उलटं आलं तर कपाळाला हात लावायच्या आधी शाईला बोट लावून बघा.