एका टिंबाची बोंब

बोंबील हा शब्द मी कधी पुरता लिहिला नाही. बिलबुकातली जागा अरुंद, म्हणून ‘सुके बोंब.’ आणि पुढे टिंब. रत्नागिरीच्या बंदरावर डोक्यावर पाटी घेऊन धंदा सुरू केला तेव्हाची ही सवय. स्वतःचं दुकान झालं तरी ती सुटली नाही. त्या टिंबाने पुढे माझी चारशे माणसं एका फटक्यात नेली.

तेव्हा जो तो एका सोशल साइटवर होता. आमच्याकडे घरटी एक माणूस आखातात, मग सुक्या मासळीवाल्याने का मागे राहावं? दुकानासमोर एका निवृत्त मास्तरांचा सायबर कॅफे होता. त्यांनी मला साइटवर एक कम्युनिटी काढून दिली. कुवेत, दुबई, मस्कतची आमची माणसं तिथे जमली. कोणी आईच्या हातची सुकटीची चटणी आठवायचा, कोणी दुसऱ्याच्या फोटोखाली थट्टा करायचा. मे महिन्यात सुट्टीवर येण्याआधी जो तो आपला माल सांगून ठेवायचा.

मालक मी. ज्याचं बोलणं पटलं नाही त्याचा मजकूर एका बटणात गायब. अंजनवेलच्या एका चाचांनी दुबईहून लिहिलं, ‘गेल्या खेपेला दाताला वाळू लागली.’ त्यांना मी मजकुरासकट बाहेर काढलं. बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू?

एप्रिलमध्ये एका सकाळी पाहतो तर कम्युनिटीच नाही. नियम मोडल्यामुळे काढली आहे, एवढंच इंग्रजीत लिहिलेलं. कुठला नियम, त्याचा पत्ता नाही.

“मास्तर, हे कोणी केलं?”

“कंपनीने.”

“तिचा मालक बसतो कुठे?”

“अमेरिकेत. तो तुम्हाला भेटणार नाही, शेठ. हा फॉर्म भरायचा.”

फॉर्ममध्ये तक्रारींची यादी होती. माझी तक्रार तिच्यात बसत नव्हती. पण मी सौदे करून वर आलेला माणूस. आधी चढा भाव सांगितला: माफी मागा आणि कम्युनिटी परत द्या. उत्तर आलं, आपण संपर्क साधल्याबद्दल आभार. मी उतरलो: माफी राहू द्या, कम्युनिटी द्या. पुन्हा आभार. आणखी उतरलो: कम्युनिटी ठेवून घ्या, निदान माझ्या माणसांची नावं द्या. तिसऱ्यांदा आभार, शब्दही तेच. बंदरावरची मासळीवाली भाव सोडत नाही तेव्हा कमरेवर हात ठेवून चार शिव्या तरी देते. तिथून पुढे बोलता येतं. आभार मानणाऱ्याशी काय बोलणार? मी कीबोर्डावर मूठ आपटली.

“शेठ,” मास्तर म्हणाले, “बटणं माझी आहेत. कंपनीची नव्हेत.”

मग त्यांनी विचारलं, कम्युनिटीवर शेवटी काय लिहिलं होतं? मी आधी कागदावर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो आणि मग त्यावर बघून एकेक अक्षर टाइप करायचो. तो कागद खिशातच होता. मास्तरांनी मोठ्याने वाचला, “दहा किलो बॉम्ब तयार. दुबई-कुवेतवाल्यांनी लवकर कळवावं.”

ते हसत सुटले. मग त्यांची नजर खाली माझ्या मुसलमानी नावावर गेली आणि हसणं थांबलं.

“बोला की, मास्तर.”

“बोलायचं काय? टिंबाच्या जागी ‘ईल’ लिहायला हवं होतं.”

“मासा आहे तो! एकदा विचारायचं तरी!”

आम्ही बोंबलाचा फोटो पाठवला. त्याचेही आभार आले.

मे उजाडला, माणसं सुट्टीवर आली, पण दुकानाकडे कोणी फिरकेना. शेवटी कुवेतहून आलेल्या मेहुण्याने सांगितलं, “दुल्हाभाई, लोकांना वाटतंय तुम्हीच रागावून टाळं लावलंत.”

“मी? चारशे माणसांना?”

“चाचांना नव्हतं काढलंत?”

बायको आतून म्हणाली, “दुकानातूनही काढलीत की माणसं. कंपनीने नवीन काय केलं?”

हे लागलं. कंपनी माझ्या रागाआड लपली होती आणि लोकांना ते खरंही वाटत होतं.

चाचा सुट्टीवर आलेले आहेत असं कळलं. दुसऱ्या दिवशी एसटी पकडून अंजनवेल गाठलं. ते पडवीत बसले होते. पाणी दिलं, पण बसा म्हणाले नाहीत.

“वाळू होती?” मी विचारलं.

“होती.”

“होती,” मी म्हणालो. तो माल दोरीवर टांगलेला नव्हता, किनाऱ्यावर पसरून वाळवलेला होता. मला तेव्हाच ठाऊक होतं.

चाचा सरकून बसले. “मग तेव्हाच नाही का सांगायचं? मी काय कोर्टात गेलो होतो?”

‘बोंब.’ आणि बॉम्बची हकिगत ऐकून मात्र ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी निघण्याआधीच त्यांनी चार घरी फोन लावले होते. आठवडाभरात माणसं दुकानात यायला लागली. आल्या आल्या विचारायची, “शेठ, बॉम्ब आहेत का?” मी आधी प्रत्येकाचा फोन नंबर माझ्या वहीत लिहून घ्यायचो आणि मगच माल बांधायचो.

ती वही गल्ल्याशेजारी असते. त्या चार आभारांचे छापून घेतलेले कागदही मी ड्रॉवरमध्ये जपून ठेवले आहेत. कुठला नियम मोडला, हे कंपनीने आजतागायत सांगितलेलं नाही, आणि मीही ते विसरलेलो नाही. बिलावर आता ‘बोंबील’ पुरतं लिहितो.

चाचा कायमचे परत आले. दर हंगामात दुकानात येतात आणि वहीत आपल्या नावापुढे स्वतःच्या हाताने काहीतरी लिहून जातात. मागच्या वेळी लिहिलं, ‘वाळू नाही, पण बोंबील आखूड.’ मी ते खोडलं नाही. भाव मात्र तेवढाच लावला.