वत्सलाबाईंचे माझ्या घरातले नऊ दिवस

वत्सलाबाई काल गेल्या. सहा वर्षांपूर्वी मी त्यांना घराबाहेर काढलं होतं.

हे लिहितोय, कारण सकाळपासून मेसेज येतायत, "सर, तुम्ही त्यांना आसरा दिला होता ना?"

दुसरबीडकडच्या एका खेड्यातली ही बाई एकपात्री करायची. माईक नाही, मेकअप नाही. नेसत्या लुगड्यात उभी राहायची.

गावातली एक मुलगी विहिरीत सापडली. दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करणार होती. गाव म्हणालं, पाय घसरला.

वत्सलाबाईंनी स्टेजवर ती मुलगी उभी केली. कुणाचं नाव घेतलं नाही. तरी आठवड्याभरात गावातल्या काही जणांनी त्यांच्या घराचं दार तोडलं. पुन्हा प्रयोग केला तर जिवंत ठेवणार नाही, म्हणून सांगितलं.

आमचा एक छोटा ग्रुप होता. असा कलावंत अडचणीत आला की दोन-तीन महिने दुसऱ्या गावी सोय करायची. कुणी खोली द्यायची, कुणी वकील बघायचा.

मीटिंगमध्ये हात मीच वर केला. "खामगावला माझी वरची खोली रिकामीच आहे. हवे तितके दिवस राहू देत."

इथेच, याच प्रोफाईलवर पोस्टही टाकली होती. कलावंताच्या पाठीशी उभं राहा वगैरे. भरपूर लाईक्स.

नवव्या दिवशी दुपारी दोघं जण गेटवर आले.

"सर, वरती कोन राह्यते?"

"पाहुण्या आहेत. काऊन?"

"काही नाही. सहज इचारलं."

एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. ते गेल्यावर मी गेटला आतून कुलूप लावलं.

संध्याकाळी वर गेलो. म्हटलं, "ताई, उद्या सासरची मंडळी येतायत. खोली लागेल."

त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सर, भेव वाटून राह्यलं असं सांगा ना. मले समजते भेव."

"नाही हो, खरंच पाहुणे आहेत."

सकाळी बसस्टँडवर सोडायलाही गेलो नाही. कुणी सोबत बघितलं तर?

बीबी गावच्या रुख्माबाईंनी त्यांना ठेवून घेतलं. भाजी विकणारी एकटी बाई, एकच खोली. चार महिने. कुणी विचारलं की तोंडावर सांगायची, "माही बहीन हाय. तुले काही काम हाय का?"

तिथे राहूनच वत्सलाबाईंनी दार तोडणाऱ्यांविरुद्ध केस लढवली. गावी परतल्या. पुन्हा तीच मुलगी स्टेजवर उभी केली.

प्रत्येक प्रयोगाचं मला बोलावणं यायचं. स्वतः फोन करायच्या. मी एकदाही गेलो नाही.

आज मातीला गेलो. रुख्माबाई ओट्यावर बसल्या होत्या. डोळे सुजलेले.

"तुमी कोन, भाऊ?"

"ओळखीचा."

"हाव? बसा मंग. लय मानसं जोडली होती तिनं."

मला तिथे बसवेना. तसाच निघून आलो.

वत्सलाबाई, माफी मागायला सहा वर्षं होती. मी मागितली नाही.

शेवटचा नमस्कार.