लग्नपत्रिकांच्या पाठीवरची चित्रं

वरवंडजवळच्या एका गावात शिक्षिका म्हणून माझी पहिली नेमणूक झाली, ते दुष्काळाचं वर्ष होतं. एकट्या मुलीला खोली द्यायला कुणी राजी नव्हतं. शेवटी सरकारी दवाखान्याच्या नर्सबाईंनी मला आपल्या क्वार्टरमध्ये घेतलं. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, घोडनदी गावच्या, बौद्ध. त्यांच्या हातचं पाणी प्यायला गावातली बरीच घरं कचरत, पण बाळंतपण अडलं की त्यांनाच बोलावणं येई. मी त्यांना ताई म्हणू लागले.

सकाळचा चहा झाला की ताई बिस्किटांचा पत्र्याचा डबा मांडीवर घेत. त्यात जुन्या लग्नपत्रिका कापून केलेले तीसेक पत्ते होते. कोऱ्या बाजूवर त्यांनी स्वतः चित्रं काढलेली: घागर, कात्री, कुलूप, चप्पल, शेळी. डोळे मिटून त्या एक पत्ता उचलत, थोडा वेळ बघत बसत आणि मग बॅग घेऊन निघत.

"भविष्य बघता का ताई?" मी एकदा विचारलं.

"छे! लहानपणी आमच्या एस.टी. स्टँडवर पोपटवाला बसायचा. पोपट पत्ता उचलायचा, ती घडी मला लई आवडायची. फुडं तो माणूस जे सांगायचा, ते न्हाई. म्हणून ते वगळलं." आणि डबा बंद करत म्हणाल्या, "दिवसभर लोकांच्या घरात शिरते, चिडचिड होती. सकाळी एक गोष्ट मनात धरली, की माझं माझ्याकडं ध्यान राहतं."

ही बातमी गावात गेली आणि एका सकाळी गावातले मोठे बागाईतदार दारात आले. सगळे त्यांना आबा म्हणत. ते आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच बोलले.

"नर्सबाई, पत्त्यावरनं सांगता म्हणं. आमच्या सुनंला पोरगा व्हईल का, तेवढं बघा."

"आबा, मला फुडचं काय दिसत न्हाई. तुम्हीच उचला आन् काय दिसतंय ते मला सांगा."

आबांनी नाइलाजाने पत्ता उचलला. "घागर हाय."

"भरलेली का रिकामी?"

"भरलेली दिसती."

"तुमच्या घरी भरलेली घागर कोण आणतं?"

आबांनी पत्ता पुन्हा निरखून पाहिला. गावची विहीर आटली होती, पाणी मैलभरावरून आणावं लागे. सुनेला आठवा महिना होता. तिच्या अंगात रक्त कमी आहे, जड उचलू देऊ नका, असं ताईंनी त्या घरी जाऊन दोनदा बजावलं होतं. कुणी मनावर घेतलं नव्हतं. आता मात्र ताईंनी त्यातलं काहीच उगाळलं नाही.

"सूनच आणती," आबा हळू आवाजात म्हणाले. पत्ता उंबऱ्यावर ठेवून ते निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडून पाण्याला बैलगाडीवर पिंप जाऊ लागलं. महिन्याभराने मुलगी झाली, आई आणि लेक दोघी सुखरूप. त्यानंतर आबा बारशाचं सांगायला आले, ते आत येऊन बसले. चहा प्यायले.

हे सगळं पाहिल्यावर मलाही पत्ता उचलावासा वाटला. मला दार आलं, बंद दार.

"कुणी लावलंय गं हे?" ताईंनी सहज विचारलं.

मला उत्तर लगेच कळलं आणि ते त्यांना सांगता येईना. चार महिने मी घरी पत्रं लिहीत होते, पण कुणाकडे राहते, कुणाच्या हातचं जेवते, ते लिहिलं नव्हतं. दवाखान्याची खोली मिळाली, एवढंच कळवलं होतं. ताईंनी पुन्हा विचारलं नाही. दुपारच्या सुट्टीत मी शाळेतच बसून सगळं खरं लिहिलं आणि पत्र पेटीत टाकलं.

वडिलांचं उत्तर आलं नाही. आई मात्र दिवाळीनंतर एकटीच एस.टी.नं आली. पहिल्या दिवशी तिने आपली भाकरी आपण थापली. दुसऱ्या दिवशी ताईंनी थापलेली खाल्ली आणि पीठ कुठल्या गिरणीतून आणता, असं विचारलं. मी पाठ फिरवून डोळे पुसले.

पुढच्या वर्षी ताईंची दौंडला बदली झाली. निघताना मी आठवण म्हणून एक तरी पत्ता मागितला. त्यांनी दिला नाही.

"माझी चित्रं घेऊन काय करशील? तुझी तू काढ."

मला चित्रकला येत नाही, हे मी परोपरीने सांगितलं. त्यांनी एक जुनी पत्रिका आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. मी सायकल काढली. ती त्यांना चष्मा वाटली आणि त्या इतक्या हसल्या, की बाहेर सामान चढवणारा गाडीवान आत डोकावून गेला.