बोंद्रेबाईंनी पोटात ठेवलेलं

नागपुरातल्या प्रतापनगरच्या दवाखान्यात डॉक्टर बोंद्रेबाईंची एक रीत होती. चौदा-पंधराच्या पुढचं मूल आलं की त्या आईबापांचं सगळं ऐकून घ्यायच्या आणि मग त्यांना बाहेर बसायला सांगायच्या. आया हिरमुसायच्या, बाप चिडायचे. मी तेव्हा नुकतीच डॉक्टर होऊन त्यांच्या हाताखाली लागले होते. एका वडिलांनी विचारलं, पोरगी आमची आणि तिचं दुखणं आम्हालाच सांगायचं नाही? बाई शांतपणे म्हणाल्या, "पोरगी तुमची हाये, भाऊ. दुखणं तिचं हाये."

बाई यवतमाळकडच्या एका खेड्यातल्या. शिकल्या नागपुरात, पण बोलणं गावचंच राहिलं. मुलं त्यामुळेच मोकळी होत असावीत. दार लावल्यावरचं पहिलं बोलणं ठरलेलं. "तू सांगशीन ते माह्या पोटात राहीन. फक्त जिवाचं काही असन, तर मी चूप नाही राहणार. पण पहिले तुलेच सांगीन."

इतवारीतल्या एका कापड दुकानदाराची मुलगी यायची, बारावीतली. तिला इथे पूर्वा म्हणते. खरं नाव लिहिलेलं बाईंना खपलं नसतं. डोकं दुखतं म्हणून आईने आणलं होतं. पुढे ती दर आठवड्याला येऊ लागली. आत काय बोलणं होई, ते बाईंनी मलाही सांगितलं नाही. आई मला बाजूला घेऊन विचारायची, कोणी मुलगा आहे का? मला खरंच ठाऊक नव्हतं.

एका दुपारी बाईंनी मला आत बोलावलं. पूर्वा भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने जीव द्यायचं ठरवलं होतं, दिवससुद्धा ठरवला होता. बाईंनी तिच्याजवळ खुर्ची ओढली. "हे मले पोटात नाही ठेवता येत, माय. तुह्या आईले सांगावं लागन. पण काहून, ते मी नाही सांगणार. ते तुह्यं हाये."

"मग तुम्हीपण त्यांच्यातल्याच," पूर्वा म्हणाली.

मला तिच्यापाशी बसवून बाई बाहेर गेल्या. मुलीच्या जिवाला धोका आहे एवढंच त्यांनी आईला सांगितलं आणि मानसोपचारतज्ज्ञांना स्वतः फोन लावला. संध्याकाळी वडील आले. कारण सांगा म्हणून टेबलावर हात आपटत राहिले, तक्रारीची धमकी दिली. बाईंचं उत्तर एकच, "पोरीले जपा. कारण तीच सांगन."

पूर्वा वाचली. आमच्याकडे मात्र पुन्हा आली नाही. शिकवणीच्या मुलींमध्ये बोभाटा झाला की बोंद्रे मॅडम घरी सांगतात. हळूहळू मुली यायच्या थांबल्या. जीव तर वाचला ना, असं म्हणून मी बाईंची समजूत घालायचे.

"वाचला वं," त्या म्हणाल्या. "पण आता जिच्या मनात तसं येऊन राहिलं असन, ती कोणापाशी बोलन?"

तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही, पण त्यानंतर त्या पहिल्यासारख्या हसल्या नाहीत.

गेल्या वर्षी बाई गेल्या. दवाखाना आता मी चालवते. मागच्या महिन्यात पूर्वाची आई आली. तपासण्यासारखं काही नव्हतं. पूर्वा पुण्यात नोकरी करते, सणाला येते, कामापुरतं बोलते, परत जाते.

"आता तर मॅडम नाहीत," आई म्हणाली. "आतातरी सांगा, काय झालं होतं तिले?"

बाईंनी मलाही सांगितलं नव्हतं, हे मी तिला सांगितलं. पूर्वाला कधी विचारलंत का, असंही विचारलं.

ती म्हणाली, "विचारलं, अन् तिनं माहंच नाव घेतलं तर?"