चिकटवलेली मिशी

आमच्याकडे दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकासाठी काल मी रंगाची पेटी उघडली. मिशी चिकटवायच्या डिंकाचा उग्र वास आला आणि मी थेट दोन हजार एक साली, गोंदियाच्या बंदुकीच्या दुकानात जाऊन पोचलो.

तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. धानावर पाखरं उतरत होती, म्हणून धाकट्या अशोकला छर्ऱ्याची बंदूक हवी होती. ओठावर नाटकातल्या सेनापतीची झुपकेदार मिशी चिकटवून मी छाती काढून उभा राहिलो.

"अठारा के नीचे नहीं मिलती. उमर कितनी है भाई?" दुकानदाराने विचारलं.

"उन्नीस, शेठ! ही मिशी काय उसनी आणली का?"

अशोकने हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला. दुकानदाराने माझ्याकडे नीट पाहिलंही नाही आणि बंदूक बांधून दिली.

परतताना, गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावच्या एसटीत अशोकने माझी मिशी ओढून काढली आणि स्वतःच्या ओठावर धरली. "दादा, आता मी लहान दिसून राहिलो काय?" तो खदखदून हसत होता. त्याचे दोन्ही डोळे चमकत होते.

हा किस्सा मी शेकडो वेळा नकलांसह रंगवला आणि दर वेळी एसटीतच थांबवला. त्याच आठवड्यात माझा छर्रा बांधावरच्या दगडावर आपटून उलटा आला आणि अशोकचा उजवा डोळा गेला, हे मी कधी सांगत नाही.

दुकानदाराने एकदा ती मिशी ओढून पाहायला हवी होती, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. पण चिकटवली तर मीच होती.